बरणीतील गोगलगाय : तिच्या पायाच्या हालचालींचे निरीक्षण व त्याचा शेतीस उपयोग

मृगाचा पाऊस होऊन सोयाबीनच्या ओळी दिसू लागल्या की काही गावांतून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. सायंकाळी टवटवीत दिसलेली रोपे सकाळी जमिनीलगत कुरतडलेली आढळतात. शेतात कीड दिसत नाही, अळी दिसत नाही; केवळ ढेकळांवरून गेलेली वाळलेली चकचकीत रेषा तेवढी दिसते. ही रेषा शंखी गोगलगायीची होय. २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या जिल्ह्यांत या प्राण्याने सोयाबीनची इतकी हानी केली की, अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली व शासनास नुकसानीपोटी मदत जाहीर करावी लागली.

गोगलगायीच्या बंदोबस्ताचे उपाय आता पुष्कळ ठिकाणी माहीत झाले आहेत. तरीही ते कित्येकदा फसतात. बांधावर चुना टाकला, पण गोगलगायी त्यावरून निघून आल्या. औषधाच्या गोळ्या टाकल्या, मेलेल्या दिसल्या, पण दोन दिवसांनी पुन्हा चालू लागल्या, असे शेतकरी सांगतात. उपाय खोटे नसतात. ते चुकीच्या वेळी योजलेले असतात. योग्य वेळ कोणती हे समजण्यासाठी गोगलगाय चालते कशी, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. काचेची एक बरणी, काचेचा एक तुकडा व चार रात्री एवढे पुरेसे आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतीशाळेत हा पाठ अवश्य घ्यावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

१. प्राण्याची ओळख

शंखी गोगलगाय ही मूळची आपल्या देशातील नव्हे. तिचे मूळ स्थान पूर्व आफ्रिका. शंखशिंपल्यांचा अभ्यास करणारे विल्यम बेन्सन यांनी १८४७ मध्ये मॉरिशसहून तिचे नमुने कलकत्त्यास आणले व तेथील एका बागेत ती सुटली. त्यानंतर रोपे, माती व मालाची वाहतूक यांबरोबर तिचा प्रसार देशात दूरवर झाला. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवांच्या यादीत आज तिचे नाव आहे.

तिचा शंख लांबट, टोकदार व तपकिरी असून त्यावर उभे गडद पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीचा शंख बहुधा ५ ते १० सेंटिमीटर लांब असतो; क्वचित तो याच्या दुप्पटही वाढतो. डोक्यावर शृंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकांशी डोळे असतात, खालची आखूड जोडी चाचपण्याच्या व वास घेण्याच्या उपयोगी पडते. प्रत्येक गोगलगाय नरही असते व मादीही असते. एका वेळी ती जमिनीत शंभराहून अधिक अंडी घालू शकते, आणि एकदा समागम झाल्यावर पुरुषबीज साठवून ठेवून पुढेही अंडी घालते.

शंखाबाहेर जो मांसल, लांबट व सपाट भाग दिसतो तोच तिचा पाय. या प्राण्यास पाय एकच. सारे पोट जणू त्याच पायावर ठेवलेले असते. म्हणून शास्त्रात या वर्गाला उदरपाद असे नाव आहे. आपल्या निरीक्षणाचा विषय हा पाय आहे.

२. बरणी तयार करणे

रुंद तोंडाची मोठी काचेची बरणी घ्यावी. तळाशी ५ ते ७ सेंटिमीटर ओलसर, भुसभुशीत माती घालावी. माती हाताने दाबली असता गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. तोंडावर बारीक छिद्रांचे जाळीदार कापड ताणून घट्ट बांधावे. गोगलगाय अंगच्या जोराने सैल झाकण सरकवते, म्हणून हे काम निष्काळजीपणे करू नये. खाद्य म्हणून कोबीचे पान, काकडीची चकती किंवा पपईचे पान द्यावे व दररोज उरलेले काढून टाकावे. शंखासाठी तिला चुनखडीचा अंश लागतो. अंड्याच्या कवचाचा तुकडा ठेवल्यास ती तो खरवडून खाते. बरणी सावलीत ठेवावी. उन्हात ठेवलेल्या बरणीत प्राणी थोड्याच वेळात मरतो.

येथे आरोग्याविषयी एक सूचना काटेकोरपणे पाळली पाहिजे. या गोगलगायीच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीची पिले असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा गंभीर आजार होतो. यास्तव गोगलगाय उघड्या हाताने धरू नये. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरावी. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना बरणीशी खेळू देऊ नये. शेतातील भाजी कच्ची खावयाची असल्यास स्वच्छ धुऊनच खावी.

३. नेहमीची चाल

दिवे लागणीनंतर काचेच्या स्वच्छ तुकड्यावर थोडे पाणी शिंपडून गोगलगाय त्यावर ठेवावी. ती काही वेळ शंखात दडून राहील. मग प्रथम पाय, नंतर डोके व शेवटी शृंगे बाहेर येतील. ती चालू लागली की काच अलगद उचलून खालच्या बाजूने विजेरीच्या मंद प्रकाशात पाहावे.

पायाच्या तळव्यावर आडवे गडद पट्टे दिसतील. ते शेपटीकडून निघून डोक्याकडे सरकत जातात. एक पट्टा पुढे पोचण्यापूर्वीच मागून दुसरे अनेक निघालेले असतात. तळ्याच्या पाण्यावर एकामागून एक लाटा याव्यात, तसा हा देखावा असतो. गोगलगाय ज्या दिशेने चालते त्याच दिशेने, परंतु तिच्यापेक्षा अधिक वेगाने, या लाटा धावतात.

प्रत्येक लाट म्हणजे तळव्याचा एक आखडलेला पट्टा. लाट जेथे असते तेथील कातडे थोडे पुढे सरकते. दोन लाटांमधील भाग मात्र काचेला चिकटून स्थिर राहतो. म्हणजे आपण चालताना एक पाय रोवून दुसरा पुढे टाकतो, त्याप्रमाणेच गोगलगाय एकाच तळव्याचे काही पट्टे रोवून धरते व काही पुढे टाकते. लाटा जलद निघाल्या की चाल वाढते, मंदावल्या की चाल मंदावते.

या चालीचे सारे रहस्य तळव्याखालच्या चिकट द्रवात आहे. डोक्याच्या खाली असलेल्या एका ग्रंथीतून हा द्रव सतत पाझरतो व पाय त्यावरून पुढे जातो. या द्रवाचा गुण मोठा चमत्कारिक आहे. हलका ताण असता तो घट्ट राहून पायाला धरून ठेवतो; ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तो पातळ होऊन पायाला सरकू देतो; ताण कमी होताच पुन्हा घट्ट होतो. मार्क डेनी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० मध्ये बिनशंखी गोगलगायीवर प्रयोग करून हे दाखवून दिले. लाटेखालचा द्रव पातळ व लाटांमधला घट्ट, अशी ही योजना असल्यामुळेच तो प्राणी उभ्या भिंतीवर चढू शकतो व घसरून पडत नाही.

या द्रवात ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि तो वाटेवरच सोडून द्यावा लागतो. सकाळी शेतात दिसणारी चकचकीत रेषा म्हणजे गोगलगायीने खर्च केलेले पाणी होय. तिला प्रत्येक पावलाला अंगचे पाणी मोजावे लागते. ती रात्री का निघते, पावसाळी हवेत का फोफावते, उन्हाळ्यात कोठे नाहीशी होते, या सर्व प्रश्नांचे उत्तर या एका वाक्यात आहे.

४. नेहमीपेक्षा वेगळ्या हालचाली

चाल ओळखीची झाली म्हणजे तीत पडणारा फरक ताबडतोब लक्षात येतो. पुढील हालचाली विशेष नोंद करण्यासारख्या आहेत.

(अ) पायाचा पुढचा भाग उचलणे. गोगलगाय मध्येच थांबते, तळव्याचा पुढचा तिसरा हिस्सा हवेत उचलते व डोके इकडेतिकडे हलवते. ती वास घेत असते, किंवा समोरचा पृष्ठभाग तिला रुचलेला नसतो. तिला मागे सरकत जाता येत नाही. नको असलेल्या जागेपासून दूर जावयाचे झाल्यास वळूनच जावे लागते. बांधावरील अडथळ्याचा परिणाम होत आहे किंवा नाही, हे याच हालचालीवरून कळते.

(आ) पाय कमानीसारखा उचलून चालणे. युरोपातील बागांत आढळणारी तपकिरी गोगलगाय कोरड्या, खरखरीत सिमेंटवर कधीकधी निराळी चाल धरते. ती पायाचा पुढचा भाग उचलून पुढे टेकवते व मागचा भाग कमानीसारखा ओढून घेते. त्यामुळे मागे अखंड रेषा न राहता चिकट्याचे तुटक ठिपके राहतात. ए. जे. कार्लसन यांनी गोगलगायींच्या अशा चालीचे वर्णन १९०५ मध्येच केले होते. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, गुळगुळीत पृष्ठभागावर हीच गोगलगाय लाटांच्या नेहमीच्या चालीने जाते व सिमेंटवर तिची चाल बदलते. जमिनीला तळव्याचा थोडाच भाग टेकत असल्यामुळे चिकटा कमी खर्च होत असावा, असा तर्क आहे. शेतीच्या दृष्टीने यातील बोध एवढाच की, तुटक ठिपके दिसले तरी तो गोगलगायीचाच माग समजावा. अखंड रेषा नाही म्हणून गोगलगायी नाहीत, असे मानू नये.

(इ) फेस येणे व पाय पिळवटणे. चुना, राख, मीठ अथवा तीव्र औषध यांचा स्पर्श झाला की तळव्याच्या लाटा एकदम विस्कळीत होतात, पायाच्या कडा आत वळतात, पुष्कळ चिकटा सुटतो व त्यात बुडबुडे येतात. त्रास देणारा पदार्थ धुऊन टाकण्याचा हा शरीराचा प्रयत्न असतो. त्यात तिचे पाणी वेगाने संपत जाते.

(ई) पाय आत ओढून तोंड बंद करणे. हवा कोरडी झाली की गोगलगाय पाय पूर्ण आत घेते व शंखाच्या तोंडावर पांढरट पडदा तयार करते. या स्थितीत ती महिनोन्महिने राहू शकते. शंख हालत नाही म्हणून ती मेली असे समजणे मोठे धोक्याचे आहे. पाऊस पडताच पडदा सोडून ती बाहेर येते.

(उ) एकाच जागी पाय रोवून बसणे. गोगलगाय ओलसर मातीत शरीर रुतवून दीर्घकाळ एका जागी राहिल्यास ती अंडी घालत असण्याचा संभव असतो. अंडी मोहरीपेक्षा बरीच मोठी, पिवळसर पांढरी व पुंजक्याने असतात. ती आढळल्यास उकळत्या पाण्यात टाकून नष्ट करावीत.

(ऊ) स्पर्श केला तरी न आखडणे. जिवंत गोगलगायीच्या पायाला काडीने हळूच स्पर्श केला की तो आखडतो. पाय बाहेर लोंबत असून स्पर्शाने आखडत नसेल व दुर्गंधी येत असेल तर प्राणी मृत समजावा.

५. करून पाहण्याजोगे तीन प्रयोग

पहिला प्रयोग : ओली काच, कोरडी काच व कोरडी खरखरीत फरशी अशा तीन पृष्ठभागांवर तीच गोगलगाय पाळीपाळीने ठेवावी. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटांत ती किती सेंटिमीटर गेली हे मोजावे. मागे राहिलेली रेषा अखंड आहे की तुटक, तेही लिहून ठेवावे. दोन पाळ्यांच्या मध्ये तिला ओलसर बरणीत विसावा द्यावा.

दुसरा प्रयोग : फरशीवर विझवलेल्या चुन्याच्या कोरड्या भुकटीचे चार बोटे रुंद कडे करावे व गोगलगाय मध्यभागी ठेवावी. कड्याशी पोचताच ती पुढचा भाग कसा उचलते, भुकटी पायाला लागली तर फेस कसा येतो व ती किती वेळा वळते, हे पाहावे. चुना हाताळताना डोळ्यांची काळजी घ्यावी.

तिसरा प्रयोग : त्याच कड्यावर झारीने पाणी शिंपडून पुन्हा तोच प्रयोग करावा. भिजलेल्या चुन्याचा थर जमिनीला बसतो, पायाला चिकटून पाणी शोषू शकत नाही, आणि अडथळा दुबळा होतो. शेतकऱ्यांना चुन्याविषयी दहा वेळा सांगण्यापेक्षा हा एक प्रयोग दाखविणे अधिक परिणामकारक ठरते.

प्रत्येक रात्रीची नोंद वहीत करावी. तारीख, वेळ, पाऊस झाला किंवा नाही, गोगलगाय बाहेर केव्हा आली, लाटा नियमित होत्या काय, वेगळी हालचाल कोणती दिसली, असे रकाने आखावेत.

६. शेतात उपयोग कसा करावा

वेचणी : पायाला ओल हवी असल्यामुळे गोगलगायी सूर्यास्तानंतर बाहेर पडतात व ऊन चढण्यापूर्वी दडतात. म्हणून सायंकाळी उशिरा व पहाटे वेचणी करावी. दुपारी शेतात फिरणे व्यर्थ होय. पहिल्या चांगल्या पावसानंतरची वेचणी सर्वांत मोलाची, कारण तेव्हा पडदा सोडून आलेल्या गोगलगायींनी अद्याप अंडी घातलेली नसतात. गोणपाटाची जुनी पोती गुळाच्या पाण्यात भिजवून बांधालगत ठेवावीत. ओल व आसरा मिळत असल्याने गोगलगायी त्यांखाली जमतात. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बुडवून माराव्यात व खोल खड्ड्यात पुराव्यात. हे मिठाचे पाणी शेतात ओतू नये. त्याने जमीन बिघडते. वेचणी एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. लगतच्या सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी केली तरच तिचा उपयोग होतो, कारण बांध दोघांचा असतो.

अडथळे : चुना किंवा राख यांचा पट्टा कोरडा असेपर्यंतच काम करतो. पाऊस चालू असताना चुन्यावर पैसा खर्च करू नये. उघडीप मिळताच पट्टा टाकावा व पावसानंतर तो नव्याने घालावा. फळझाडांच्या बुंध्याला बोर्डो मलम लावल्यास त्यातील ताम्रामुळे गोगलगायी वर चढण्यास कचरतात.

औषधाच्या गोळ्या : मेटाल्डिहाइड या औषधाच्या गोळ्या खाल्ल्यावर गोगलगायीच्या अंगातून चिकटा अतोनात सुटतो, पायाच्या लाटा थांबतात व पाणी संपून ती मरते. परंतु विषाची मात्रा कमी गेली असेल व लगेच पाऊस आला, तर तीच गोगलगाय ओलीतून पाणी घेऊन पुन्हा उठू शकते. ‘मेलेल्या उठल्या’ या तक्रारीचे मूळ येथे आहे. म्हणून पावसाची उघडीप पाहून सायंकाळी गोळ्या टाकाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन होण्यापूर्वी, निपचित पडलेल्या सर्व गोगलगायी गोळा करून नष्ट कराव्यात. मात्रा वेष्टनावरील सूचनेप्रमाणे व कृषि विभागाच्या सल्ल्यानेच ठरवावी. हे औषध कुत्री, गुरे व कोंबड्या यांनाही विषारी आहे, यास्तव गोळ्यांचे ढीग करू नयेत व जनावरे त्या शेतात सोडू नयेत.

बांधाची स्वच्छता : दिवसा पाय कोरडा पडू नये म्हणून गोगलगाय दगड, गवत, पालापाचोळा व तणांचे ढीग यांचा आसरा घेते. हे आसरे पेरणीपूर्वी काढून टाकणे व उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमिनीत दडलेल्या गोगलगायी उघड्या पाडणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

७. निरीक्षण संपल्यावर

बरणीतील गोगलगाय पुष्कळदा मुलांची आवडती होते व तिला मारण्यास मन घेत नाही. मग कोणी तिला ओढ्याकाठी सोडून देतो. ही दया गावाला फार महाग पडते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९६६ मध्ये एका मुलाने हवाई बेटांतून गंमत म्हणून तीन शंखी गोगलगायी मायामी शहरी आणल्या. पुढे त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तेथे १८,००० हून अधिक गोगलगायी सापडल्या. सुमारे दहा लाख डॉलर खर्च करून १९७५ मध्ये त्यांचे निर्मूलन झाले. २०११ मध्ये तेथे हा प्राणी पुन्हा आढळला. दहा वर्षांच्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये निर्मूलन जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये त्याच राज्याच्या दुसऱ्या भागात तो परत सापडला. तीन गोगलगायींचा हा विस्तार आहे.

यास्तव ज्या गावात शंखी गोगलगाय नाही, तेथे ती शिकविण्यासाठी म्हणूनही नेऊ नये. निरीक्षणासाठी एकच गोगलगाय ठेवावी. पाठ पूर्ण होताच ती वर सांगितलेल्या रीतीने नष्ट करावी. बरणीतील माती उकळत्या पाण्याने भिजवावी, म्हणजे नजरेतून सुटलेली अंडीही मरतात. मगच ती माती बाहेर टाकावी.

सारांश

गोगलगायीचे बळ व तिचे वर्म एकच आहे, ते म्हणजे तिचा ओला पाय. लाटा नियमित चालू आहेत, तोवर तिच्याजवळ पाणी आहे. ती पुढचा भाग उचलून वळते, तेव्हा अडथळा काम करीत आहे. फेस येतो, तेव्हा तिचे पाणी जात आहे. ती पडद्याआड गेली, तेव्हा ती मेलेली नाही, वाट पाहत आहे. हे चार अर्थ ज्या शेतकऱ्यास समजले, तो भर पावसात चुना टाकणार नाही, निपचित गोगलगाय बांधावर तशीच ठेवणार नाही, व दुपारी वेचणीला माणसे लावणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तळव्यावरील लाटा कोणत्या दिशेने जातात? दोन लाटांमधील भाग काय करतो?
२. कोरडा चुना व भिजलेला चुना यांच्या परिणामात फरक का पडतो?
३. गोळ्या टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वेचणी का आवश्यक आहे?
४. आपल्या गावात गोगलगायींना दिवसा आसरा देणाऱ्या जागा कोणत्या? त्यांची यादी करून पेरणीपूर्वी त्या केव्हा साफ करता येतील, हे शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलून ठरवा.